तीन किलो नऊशे

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. हाताखालची माणसं मला पाठीमागे 'कुकर' म्हणतात, कारण शिट्टी कधी होईल त्याचा नेम नाही. म्हणेनात का! भिंत ओळंब्यात नसली तर मी ओरडणारच. पण आज जे सांगतोय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मला एक भाऊ होता. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, म्हणून बारक्या. बावन्न वर्षांचा घोडा झाला तरी बारक्याच. धंदा रद्दीचा. पुढे दुकान, मागे एक खोली, त्या खोलीत तो आणि त्याची बायको. खोलीला तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला रद्दीचे गठ्ठे. खिडकी नाहीच. भरदुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय चहात साखर घातली की मीठ ते कळायचं नाही. अशा खोलीत त्याने सत्तावीस वर्षं काढली.

रद्दीवाल्याचा काटा म्हटलं की लोक आधी हसतात. पाच किलोचे चार कसे होतात ते सगळ्यांना माहीत असतं. बारक्याचा काटा तसा नव्हता. दुकानाच्या तुळईला टांगलेला, खाली हूक, वर तबकडी. रोज सकाळी पाच किलोचं वजन अडकवून तो आधी काटा तपासायचा, मग शटर पूर्ण वर करायचा. मला म्हणायचा, "दादा, मला दुसरं काही येत नाही. पण माझा काटा खोटं बोलत नाही." कुणीही कसलंही वजन सांगितलं की याचा एकच प्रश्न, "नक्की?" बायकोने दळण आणलं तरी, "पाच किलो? नक्की?" तिला वीट यायचा त्याचा.

तर या माणसाला दोन वर्षांपूर्वी विटांचं खूळ लागलं.

न विकली जाणारी रद्दी, भिजलेली, फाटलेली, शाळांच्या उत्तरपत्रिका, जुन्या पावत्या, सगळं तो पिंपात भिजत घालायचा. तीन दिवसांनी मोटर लावून घोटायचा. त्या लगद्यात सिमेंट मिसळायचं, फळ्यांच्या साच्यात ओतायचं, आणि ठेवायचं उन्हात. महिना-दीड महिन्याने जी वीट निघायची ती एवढी हलकी, की लहान मूल डोक्यावर घेऊन नाचेल. दुकानाचा स्लॅब जुना आणि पातळ. वर मातीच्या विटांची खोली बांधायची नाही असं इंजिनियरने बजावलेलं. कागदाच्या विटांची मात्र चालेल, असं त्यानेच लिहून दिलं.

बारक्याला वर एक खोली हवी होती. मोठी नाही, दहा बाय आठची. पण तिला खिडकी हवी. "दादा, मला एक दुपार झोपायचंय. खिडकीतून ऊन पायांवर येतंय आणि मी झोपलोय, एवढंच." माणसाने मागून मागून मागितलं ते हे.

पहिली वीट घेऊन तो माझ्या कामावर आला. दहाबारा माणसं होती. त्याने ती माझ्या हातात दिली, डोळे असे चमकत होते त्याचे. आणि मी काय केलं? माझ्या अंगात कुठला शहाणा संचारला कोण जाणे. म्हणालो, "बघू दे, पोहता येतं का हिला!" आणि बादलीत टाकली. वीट तरंगली. सगळे खो खो हसले. मग हळूहळू पाणी पिऊन ती बुडाली. संध्याकाळी बाहेर काढली तर कडेचा तुकडा हातात आला.

"झालं? आता हिच्यावर घर बांध," मी म्हणालो.

"पाण्यात बुडवायची नसतेच ती, दादा. बाहेरून गिलावा केला की झालं." एवढंच बोलून त्याने ती ओली वीट काखेत धरली आणि निघून गेला. शर्ट सगळा भिजला होता. पुढे दोन वर्षं त्याने खोलीचं नाव माझ्यापाशी काढलं नाही. विटा मात्र करत राहिला.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला डॉक्टर नको म्हणाले. तेव्हा मी स्वतःहून गेलो. तो खाटेवर बसला होता, मांडीवर वही. पानावर दोन रकाने. एकात लिहिलं होतं 'वीट', दुसऱ्यात 'मी'. रोज एक वीट काट्याला लावायची, आणि नंतर पोत्याची झोळी करून स्वतः लटकायचं, असा त्याचा उद्योग.

"दोघांचंही उतरतंय," तो म्हणाला. "पण विटेचं बरं आहे, तिचं कुठेतरी थांबतं. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, की समजायचं वाळली."

"बारक्या, मी बांधतो खोली," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बादलीची गोष्ट काढतो. काढायला हवी होती. पण तो म्हणाला, "चारशे विटा वर रचून ठेवल्यात. तीन किलो नऊशेवर थांबल्यात. एकच सांगतो दादा, पाणी नको."

"अरे, मला कळतं."

"तुला कळतं. तुझ्या हाताला कळायला हवं."

मातीची वीट लावायची तर ती आदल्या संध्याकाळी भिजवावी लागते. कोरडी लावली तर सिमेंटच्या मालातलं पाणी शोषून घेते, मग जोड धरत नाही. हे मी चाळीस वर्षांत हजार वेळा केलंय, आणि न भिजवणाऱ्या पोरांना शिव्या घातल्यात. कागदाच्या विटेचं उलटं. ती कोरडीच लावायची. मला कळत होतं हो! अगदी पाठ होतं.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "महिना. फार तर दीड." घरी आलो. बारक्याची बायको दारातच होती. तिने विचारलं, "दादा, काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही, गोळ्या बदलल्या," आणि जिना चढून सरळ गच्चीवर गेलो. तिथे कुणी नव्हतं. मला रडायचं होतं, आणि मी रडलो. याला मी खांद्यावर घेऊन फिरवलाय. माझ्या हाताने याला घास भरवलाय. महिना म्हणजे काय? एक भिंत नीट उभी राहायला महिना पुरत नाही. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. उद्या सकाळी लवकर सुरुवात करायची, एक दिवसही वाया घालवायचा नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या हातात पाईप होता आणि पाणी चालू होतं.

विटांवरचं प्लास्टिक मी काढून बाजूला घडी घालून ठेवलं होतं. घडीसुद्धा व्यवस्थित! चारशेच्या चारशे विटा काळ्याभोर झाल्या होत्या. नेहमीसारखं वरून खालपर्यंत, मागून पुढून, कुठेही कोरडं राहणार नाही असं मारलं होतं पाणी. मी नळ बंद केला. एक वीट उचलली आणि हातच खाली गेला. काट्याची गरज नव्हती.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड होती, आणि मरणार होता तो.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या जिभेने त्याचं वाटोळं केलं, आज हाताने केलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी ठरवलं, बोलायचं नाही. ओल्याच लावायच्या. आतून गिलावा करून टाकला की रंग दिसणार नाही. त्याला एक दुपार झोपायचंय ना, झोपू दे. कुणाचं काय जातंय?

खाली गेलो. तो वही उघडून बसलाच होता.

"आज किती भरली?"

"तीन नऊशे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. त्याने ते आपल्या बारीक अक्षरात लिहिलं. सुकलेल्या बोटांनी, एकेक आकडा जपून.

सात दिवसांत खोली उभी केली. बारक्याच्या बायकोने माल कालवून दिला. पहिली वीट हातात घेताच तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "त्याला सांगू नकोस." तिने मान खाली घातली आणि घमेलं उचललं. त्या सात दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. खिडकी मोठी ठेवली, दक्षिणेला. वर पत्रा, खाली फरशी. बारक्याने एक युक्ती सांगून ठेवली होती, खिडकीखालची एक वीट माल न लावता नुसती बसवायची. ओढली की बाहेर यावी. "तीच सगळ्या भिंतीची साक्ष देईल," तो म्हणाला होता. मी ती बसवली. बसवायची नव्हती खरं तर, पण त्याचं ऐकलं नसतं तर तो विचारत बसला असता.

आठव्या दिवशी त्याला पाठुंगळीला घेतला आणि जिना चढलो. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. मी आयुष्यभर अशा गोण्या वाहिल्या, धाप लागायची. त्या दिवशी लागली नाही. त्रेचाळीस किलो होता तो. पायऱ्या मोजत माझ्या कानात हसत होता, "दादा, भाडं किती घेणार?" मी म्हटलं, "गप बस, नाहीतर इथेच टाकीन." तो आणखी हसला.

खोलीत ऊन आलं होतं. खाट आधीच लावून ठेवली होती. मी त्याला बसवला. त्याने खिडकीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, झालं, सगळं माफ झालं. मग त्याने हात लांब करून भिंतीला तळवा लावला.

तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "साक्ष काढ."

"झोप आधी. दमलास."

"दादा, वीट काढ."

मी खाली जाऊन काटा आणला, दाराच्या चौकटीला टांगला, वीट ओढून दोरीने अडकवली. सहा किलो आठशे. त्याने आकडा वाचला. यावेळी 'नक्की' विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, पाईपचं, घडी घातलेल्या प्लास्टिकचं. त्याची बायको दारात उभी होती, तिनेही तेव्हाच ऐकलं की महिनाच आहे. मी शिवी खायला तयार होतो. त्याने मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण तो हसायला लागला. हसता हसता खोकला.

"एकदा बादलीत, एकदा पाईपने," तो म्हणाला. "आता नदीत तेवढी सोडायची राहिलीये." मग हसू गेलं. "पाणी मारलंस त्याचं काही नाही. हाताची सवय. पण माझ्या वहीत खोटं वजन लिहायला लावलंस, दादा. माझ्याच हातांनी."

मला वर बघवेना.

त्याने वही मागवली. 'तीन नऊशे' खोडलं, बाजूला सहा आठशे लिहिलं. पुढच्या रकान्यात त्रेचाळीस. मग म्हणाला, "गिलावा खरवडून काढ. वारा लागू दे. वाळली की परत आण मला वर."

"अरे, आजच झोप ना! ऊन आलंय, खाट आहे."

"ओल्या भिंतीत नाही झोपायचं. ही माझी खोली आहे, ती कच्ची असताना पक्की म्हणून मी वापरणार नाही. आणि आता खोटं सांगायचं नाही. मला बरं वाटावं म्हणूनही नाही. शपथ घे."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हा काय ठाऊक, ती एवढी महाग पडेल.

त्याला पुन्हा खाली नेला. गिलावा काढला. दोन पंखे लावले. दिवसभर दार-खिडकी सताड उघडी. दुसरीकडची कामं सोडून दिली. लोक ओरडले, ओरडू दिले. रोज दुपारी साक्षीची वीट काढायची, तोलायची, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली ओरडायचं. खालून त्याचा आवाज यायचा, "नक्की?" मी म्हणायचो, "नक्की!" सहा पाचशे. सहा शंभर. पाच नऊशे. त्याचा आवाज रोज थोडा बारीक होत गेला. पुढे पुढे मी दोन पायऱ्या उतरून ऐकायला लागलो, मग चार. शेवटी खालच्या खोलीच्या दारात उभं राहूनच सांगायचो. वहीत दुसऱ्या रकान्यात एकोणचाळीस होते. पुढे झोळीत बसवणं त्याच्या बायकोने बंद केलं.

एकविसाव्या दिवशी दुपारी वीट काट्याला लावली. पाच दोनशे. मी खाली गेलो. त्याचे डोळे मिटलेले होते. बायको पायाशी बसून तळवे चोळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे आता फार नाही. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्या खोलीत ट्यूबलाइट जळत होती.

"दादा," त्याने डोळे न उघडता विचारलं, "थांबली का?"

सांगा मला, काय बोलायला हवं होतं? 'थांबली' म्हटलं असतं, तर मी त्याला पाठीवर घेतला असता, आता तर नुसत्या हातांवर नेला असता. वीस पायऱ्या. खाट खिडकीशी लावलेलीच होती. ऊन पायांवर आलं असतं. भिंतीला हात लावण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती, त्याला कळलंही नसतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, मी वाचले ते. ती म्हणत होती, 'सांगा, थांबली म्हणून.'

माझ्या तळहाताला त्याचं डोकं आठवत होतं.

"नाही रे," मी म्हणालो. "पाच दोनशे."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर समाधान होतं की काय होतं, मला आजही ठरवता येत नाही. "उतरतेय," तो म्हणाला. "मग थांबू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो गेला. त्याच ट्यूबलाइटखाली.

खोटं बोलायचं नव्हतं तेव्हा बोललो, आणि बोलायला हवं होतं तेव्हा हरिश्चंद्र झालो. लोक म्हणतात, तू शब्द पाळलास. चुलीत घाला तो शब्द! त्याच्या बायकोने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण सगळी माणसं पांगल्यावर ती एवढंच म्हणाली, "वीस पायऱ्या होत्या, दादा." मी तिच्यापुढे ढसाढसा रडलो. मग तिनेच मला पाणी दिलं.

मला वाटलं होतं, आता वर पाऊल टाकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि पाय जिन्याकडे वळले. वीट ओढली, लावली, बघितली. त्याच्या बायकोनेही विचारलं नाही की आता कशाला. तिने वही आणून दिली. पाच शंभर. चार आठशे. चार पाचशे. मी आकडा लिहायचो, शेजारचा रकाना कोरा. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी तीन नऊशे भरली. एकविसाव्यालाही तीन नऊशे. बाविसाव्या दिवशी आधी पाच किलोचं वजन लावून काटा तपासला, मग वीट लावली. तीन नऊशे. काटा जरासुद्धा हलेना. मी पावणेदोन महिन्यांपूर्वी जो खोटा सांगितला होता, तोच आकडा. त्याने खोडलेला.

वीट परत जागेवर सरकवली. भिंतीला तळवा लावला. कोरडी ठणठणीत, उन्हाने कोमट. खाटेवर पायथ्याशी ऊन आलं होतं. मी जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि सवयीने ओरडलो, "बारक्या, थांबली रे! तीन नऊशे!"

खाली त्याची बायको गठ्ठे बांधत होती, तिचा हात थांबला. मी तिथेच उभा राहिलो. मग दोन पायऱ्या उतरलो. मग चार.